दातांच्या दवाखान्यासाठी ऑटोक्लेव्ह कोणता घ्यावा? आधी विचारा, आतली हवा कुठे जाते

डॉक्टर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. जतच्या बाजूला दोन खुर्च्यांचा दातांचा दवाखाना काढताय, दिवसाला पंधरा ते वीस पेशंट धरलेत, पुढच्या वर्षी इम्प्लांट सुरू करायचे आहेत. हातात ऑटोक्लेव्हची, म्हणजे हत्यारं वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्राची, तीन कोटेशनं आहेत: कुकरसारखा उभा ऑटोक्लेव्ह 22 हजारांना, ‘सेमी-ऑटोमॅटिक बी टाइप’ असं लिहिलेला एक 65 हजारांना, आणि 23 लिटरचा ‘बी क्लास’ 1 लाख 30 हजारांना. पहिल्यावाला यूव्ही कपाट फुकट देतोय. पाणी बोअरचं, वीज येऊन-जाऊन. यातला कोणता घेतला तर निर्धास्त राहता येईल, असं तुम्ही विचारलंय.

मी 28 वर्षं ऑपरेशन थिएटर आणि सीएसएसडीत, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात, काढली, त्यातली शेवटची 16 सीएसएसडीची इन्चार्ज सिस्टर म्हणून. उत्तर आधीच देते: तिसरा घ्या, पण तो तुमच्या डोळ्यांसमोर काही चाचण्या पास झाला तरच. कोटेशनवरच्या ‘बी क्लास’ या दोन शब्दांवर एक रुपयाही देऊ नका. या चाचण्या कोणत्या आणि कशासाठी ते पुढे सांगते, कारण ‘का’ ते कळल्याशिवाय विक्रेत्यासमोर हट्ट धरता येत नाही.

तुम्ही कोटेशनं शेजारी ठेवून प्रेशर आणि तापमान ताडून बघितलंत. तिन्हींवर 121 आणि 134 अंश लिहिलेलं आहे, मग फरक कशाचा, असा तुमचा सूर आहे. फरक हवेचा आहे. आमच्या घरी वजनाच्या शिट्टीचा कुकर होता. आई शिट्टी आधी बसवू द्यायची नाही. नळीतून वाफेचा सरळ, जोरदार झोत यायला लागला की मगच शिट्टी ठेवायची. तिला त्यामागचं शास्त्र कुणी शिकवलं नव्हतं, पण ती अगदी बरोबर करत होती: आतली हवा बाहेर जाऊ देत होती. कुकरची मूळ कल्पना दनी पापँ याने 1679 मध्ये मांडली, आणि बरोबर 200 वर्षांनी, 1879 मध्ये, पाश्चरच्या प्रयोगशाळेतल्या शार्ल शांबरलाँने तिच्यावरून ऑटोक्लेव्ह बनवला. आज कितीही बटणं आणि स्क्रीन लावले तरी मुद्दा तोच आहे. हवा गेली तर वाफ काम करते, हवा राहिली तर नाही.

मोदकपात्राचं झाकण काढताना हाताला वाफ लागली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. तेवढ्याच किंवा त्याहून जास्त गरम कोरड्या हवेतून मात्र हात झटकन फिरवून घेता येतो. 100 अंशांची एक ग्रॅम वाफ पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता सोडते. तेच एक ग्रॅम उकळतं पाणी एका अंशाने निवताना एक कॅलरी सोडतं. वाफ थंड हत्याराला टेकते, तिथेच पाणी होते, आणि ही सगळी उष्णता जंतूवर ओतते. म्हणून वाफेला 121 अंशांवर 15 मिनिटं पुरतात, आणि हॉट एअर ओव्हनला 160 अंशांवर दोन तास लागतात. पण जिथे हवेचा फुगा अडकलेला आहे तिथे वाफ टेकतच नाही. तिथे तुमचं हत्यार नुसत्या गरम हवेत बसलेलं असतं, तेही ओव्हनपेक्षा कितीतरी कमी तापमानाच्या.

आणि प्रेशरचा काटा हे सांगत नाही. मायक्रोबायोलॉजीच्या पुस्तकात एक जुना तक्ता असतो, तुम्हीही दुसऱ्या वर्षाला पाठ केला असेल. काटा 15 पौंडांवर असताना सगळी हवा गेलेली असेल तर आत 121 अंश. अर्धीच गेली असेल तर 112. मुळीच गेली नसेल तर 100, म्हणजे उकळत्या पाण्याइतकं. काटा तिन्ही वेळा 15 च दाखवतो. बीजाणू, म्हणजे स्पोअर, 100 अंशांवर खुशाल जगतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं ते नोकरीच्या सातव्या वर्षी. आमच्याकडे गॉज, पॅड, गाऊन ड्रममध्ये भरून ऑटोक्लेव्ह व्हायचे. ड्रमच्या बाजूला भोकांची पट्टी असते. आत घालताना ती उघडायची, बाहेर काढल्यावर बंद करायची. एका पहाटे घाईत कुणीतरी बंद पट्टीचेच ड्रम आत ठेवले. प्रेशर आलं, वेळ झाली, ड्रमवरची तापल्यावर रंग बदलणारी टेप काळी झाली. त्या दिवशी योगायोगाने एका ड्रमच्या मधोमध तपासणीसाठी जिवंत स्पोअर भरलेली कुपी ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी ती जांभळ्याची पिवळी झाली, म्हणजे आतले जंतू जिवंत होते. तोवर त्या भरणीतले, म्हणजे एका वेळी आत घातलेल्या सामानातले, तीन ड्रम वापरून झालेले होते. ज्या पेशंटना ते वापरले त्यांची यादी काढून आम्ही टाके निघेपर्यंत रोज जखमा बघितल्या. काही झालं नाही, पण ते दहा दिवस मी विसरलेले नाही. काटा बरोबर, टेप काळी, आणि आतलं सामान कच्चं. तेव्हापासून कुणी प्रेशरचा आकडा सांगून मशीन विकायला लागलं की मी पहिला प्रश्न विचारते, हवा कशी काढता?

तुमचं पहिलं कोटेशन, उभा कुकर. त्यात वाफ हवेला खाली ढकलते आणि कॉकमधून बाहेर काढते. वाफ हवेपेक्षा हलकी असल्यामुळे उघड्या, भरीव हत्यारांभोवतीची हवा अशी निघून जाते. आरसा, प्रोब, फोर्सेप, एलिव्हेटर, पाऊचमध्ये (निर्जंतुक करायच्या कागदी पाकिटात) न घालता, एकमेकांना न चिकटवता ठेवले आणि काढल्याबरोबर वापरले तर ठीक. पण पोकळ नळीतली हवा असं ढकलून जात नाही. आणि तुमचं रोजचं सगळ्यात घाण होणारं हत्यार पोकळच आहे: एअरोटर, म्हणजे दात कोरायचं हवेवर फिरणारं ड्रिल. टर्बाइन थांबताना क्षणभर उलटा ओढा तयार होतो आणि पेशंटची लाळ, रक्त आत खेचलं जातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हिपॅटायटिस बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान सात दिवस टिकतो. एअरोटर बाहेरून स्पिरिटने पुसून पुढच्या पेशंटच्या तोंडात घालणं मी पाहिलेलं आहे, आणि ते पाहून गप्प बसणं मला जमलेलं नाही.

छोट्या ऑटोक्लेव्हसाठी युरोपात ईएन 13060 नावाचं मानक आहे आणि बी, एन, एस हे वर्ग त्यातलेच. एन म्हणजे उघडी, भरीव हत्यारं, बस. बी म्हणजे पोकळ, पाऊचमधली, कापडाची, सगळ्या प्रकारची भरणी. एस म्हणजे या दोहोंच्या मधलं, उत्पादकाने लेखी सांगितलेल्या भरणीपुरतं. बी वर्गात व्हॅक्यूम पंप आधी हवा ओढतो, मग वाफ सोडतो, पुन्हा ओढतो, बहुतेक मशीनमध्ये असं तीनदा. एका ओढीत अरुंद नळीच्या टोकाची हवा निघत नाही. म्हणून ‘पंप आहे ना’ एवढ्यावर समाधान मानू नका. काही मशीनमध्ये पंप असतो तो फक्त शेवटी वाळवण्यासाठी.

तुमच्या दुसऱ्या कोटेशनबद्दल माझा संशय हाच आहे. नुसतं ‘बी टाइप’ लिहिल्याने काही सिद्ध होत नाही, आणि ‘सेमी-ऑटोमॅटिक बी’ हे तर मला पटतच नाही. विक्रेत्याला लेखी विचारा: हवा किती वेळा ओढली जाते, आणि कुठवर? मग डेमोत स्क्रीनसमोर उभं राहा. प्रेशर शून्याच्या खाली चांगलं उतरायला हवं, साधारण उणे 0.8 बारच्या आसपास, आणि ते गरम व्हायच्या आधी तीनदा दिसायला हवं. तीनदा दिसलं नाही तर डेमो तिथेच थांबवा. कागदांतही बघा: सीईच्या खुणेखाली चार आकडी नंबर आहे का? तो नंबर त्रयस्थ तपासणी संस्थेचा असतो. नुसतं सीई छापलेलं असेल तर कुणी तपासलंय याचा काहीच पत्ता लागत नाही. आपल्याकडच्या 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली उत्पादकाचा किंवा आयातदाराचा परवाना क्रमांकही मागा. तो सांगायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून मी साधं थर्मामीटरही घेणार नाही.

आता डेमोच्या चाचण्या. मशीन शोरूममध्ये नाही, तुमच्या दवाखान्यात, तुमच्या विजेवर चालवायला लावा. ऑर्डर देण्याआधी शक्य नसेल तर कोटेशनवर लिहून घ्या की बसवल्यावर या चाचण्या पास झाल्याशिवाय उरलेले पैसे मिळणार नाहीत.

पहिली, व्हॅक्यूम लीक टेस्ट. मशीन थंड आणि कोरडं असताना करायची. पंप हवा ओढतो, बंद होतो, आणि मशीन दहा मिनिटं बघत बसतं की व्हॅक्यूम टिकतो का. मिनिटाला 1.3 मिलिबारपेक्षा जास्त प्रेशर वाढलं तर दाराच्या रबरातून किंवा कुठल्यातरी व्हॉल्व्हमधून हवा आत शिरतेय. जे मशीन बाहेरची हवा आत घेतं ते आतली हवा बाहेर काढल्याचा दावा कसा करणार?

दुसरी, हेलिक्स टेस्ट. दीड मीटर लांब, आतून दोन मिलिमीटर रुंद अशी गुंडाळलेली नळी, तिच्या टोकाला छोटी डबी, डबीत रंग बदलणारी पट्टी. वाफेला डबीपर्यंत पोचायला दीड मीटरची हवा बाहेर काढावी लागते. एअरोटरच्या आत वाफ जाते की नाही याचं सगळ्यात जवळचं उत्तर ही नळी देते. पट्टीवरचे सगळे ठिपके सारखे बदलले पाहिजेत. शेवटचा ठिपका जरा फिका आहे, ‘चालतंय मॅडम’, असं ऐकू आलं तर ते चालत नाही. एकदा पास झालं की लगेच दुसरी, तिसरी सायकलही (मशीनची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची एक फेरी म्हणजे सायकल) त्याच नळीवर लावा. गरम झालेलं आणि थंड मशीन वेगळं वागतं. या नळीबरोबर कापडाच्या भरणीसाठी बोवी-डिक चाचणी असते. बोवी आणि डिक यांच्या नावाची ही चाचणी 1963 मध्ये मांडली गेली. मोठ्या रुग्णालयात रोज सकाळी पहिलं काम तेच. तुम्ही गाऊन, ड्रेप स्वतः ऑटोक्लेव्ह करणार असाल तर तीही करा. नसाल तर रोज सकाळी हेलिक्स पुरेशी आहे.

तिसरी चाचणी कोणत्याही माहितीपत्रकात नसते, पण तुमच्या गावासाठी मला सगळ्यात मोलाची वाटते. 134 अंश आल्यावर, वेळ मोजायला सुरुवात झाल्यावर, भिंतीवरचं बटण बंद करा. दोन मिनिटांनी चालू करा. मशीनने काय करायला हवं? सायकल फसली असं स्पष्ट सांगायला हवं, छापून द्यायला हवं, आणि दार आतलं प्रेशर उतरेपर्यंत उघडता कामा नये. जे मशीन वीज आल्यावर गुपचूप पुढे चालू होतं आणि शेवटी ‘पूर्ण’ म्हणतं ते तुमच्या दवाखान्यात आणू नका. 134 अंशांवर किमान तीन मिनिटं सलग मिळायला हवीत, बहुतेक मशीन साडेतीन-चार मिनिटं देतात. अर्धवट दोन तुकडे जोडून ती भरत नाहीत. सायकल फसली तर सगळी भरणी कच्ची समजून पहिल्यापासून.

चौथी सोपी. सगळे ट्रे पाऊचने भरून सायकल लावा आणि दार उघडल्यावर पाऊच हातात घ्या. कागद ओला असेल तर तो पाऊच निर्जंतुक धरायचा नाही, कारण ओल्या कागदातून जंतू आत शिरतात. तुमची मदतनीस मुलगी तो ओला पाऊच पंख्याखाली वाळत घालेल आणि कपाटात ठेवेल, हे मी कित्येक ठिकाणी पाहिलंय. त्यात तिचा दोष नाही, वाळवू न शकणाऱ्या मशीनचा आहे. मात्र पाऊच एकावर एक थापलेले नसावेत. उभे, जरा मोकळे रचलेले हवेत.

आकाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक नवे दवाखाने इथेच अडकतात, म्हणून हिशेब मांडते. दिवसाला 18 पेशंट, प्रत्येकाला एक एअरोटर. पाऊचची पूर्ण सायकल वाळवण्यासकट पाऊण तास ते तासभर घेते, धुणं आणि तेल घालणं वेगळं. चारच एअरोटर असतील तर दिवसात पाच वेळा मशीन लावावं लागेल. दुपारच्या गर्दीत कुणीतरी ‘क्विक सायकल’ दाबेल किंवा पुसूनच वापरेल. नऊ एअरोटर असतील तर दोनदा लावून भागतं, एक वेळ वीज गेली तरी. म्हणून 23 लिटरच्या पुढे जाऊ नका, उरलेला पैसा एअरोटर वाढवण्यात घाला. क्विक सायकल ही उघड्या, लगेच वापरायच्या हत्यारांसाठी असते. तिच्यात वाळवणं जवळजवळ नसतंच.

बोअरचं पाणी मशीनमध्ये घालूच नका, एकदाही नाही. तुमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती आहेत ते तुमच्या गीझरच्या कॉइलवर दिसत असेल. तोच पांढरा थर वाफ बनवणाऱ्या भांड्यात, बारीक व्हॉल्व्हमध्ये, तापमानाच्या सेन्सरवर चढतो. सेन्सरवर थर चढला की तो खरं तापमान सांगेनासा होतो, आणि मग तुमचा छापील पुरावाही खोटा ठरतो. घरच्या प्यायच्या आरओचं पाणीही चालत नाही, त्यात चवीसाठी क्षार राखलेले असतात. मानकातली मर्यादा कंडक्टिव्हिटीच्या भाषेत 15 मायक्रोसिमेन्स आहे. खिशातला टीडीएस मीटर घेतलात तर आकडा पाचच्या आत ठेवा म्हणजे निश्चिंत राहाल. डिस्टिल्ड किंवा डीएम (क्षार काढलेलं) पाणी सीलबंद कॅनमध्ये घ्या, प्रत्येक कॅन उघडल्यावर मीटर बुडवा. बॅटरीसाठी सुटं मिळणारं पाणी घेऊ नका. कॅन कशाकशाचा होता ते कळत नाही.

विजेचं तसंच. असं मशीन दोन किलोवॉटच्या आसपास खेचतं, घरगुती इन्व्हर्टरवर ते चालणार नाही. मीटरपासून स्वतंत्र लाइन, 16 अँपिअरचा सॉकेट, नीट अर्थिंग, आणि मशीनच्या क्षमतेचा स्टॅबिलायझर. संध्याकाळी तुमच्याकडे दाब 180 व्होल्टवर येत असेल तर 230 व्होल्टच्या हीटरची ताकद फक्त 60 टक्क्यांच्या आसपास उरते. मशीन तापायला वेळ लावतं, एरर देऊन थांबतं, आणि सगळे म्हणतात मशीन वाईट. कोटेशन फायनल करण्याआधी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ व्होल्टेज लिहून ठेवा आणि तो कागद विक्रेत्याच्या हातात द्या.

थोडं विषयांतर, पण डोंगरावर काम करणाऱ्यांनी वाचावं. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या ठिकाणी बाहेरचं वातावरणच पातळ आहे. महाबळेश्वर साधारण 1350 मीटर उंचीवर. तिथे साध्या कुकर-ऑटोक्लेव्हचा काटा 15 पौंड दाखवतो तेव्हा सगळी हवा गेलेली असली तरी आत 121 नाही, 118-119 अंश असतात. दर हजार फुटांना अर्धा पौंड वाढवायचा हा जुना नियम आहे, म्हणजे तिथे काटा 17 पौंडांच्या वर हवा. तापमान मोजून चालणारं मशीन हे आपोआप सांभाळतं. काट्यावर चालणारं नाही. जतला हा फरक किरकोळ आहे.

फुकटच्या यूव्ही कपाटाला मोह पडू देऊ नका. यूव्ही प्रकाश जिथे पडतो तिथेच काम करतो. फोर्सेपच्या सांध्यात, एअरोटरच्या आत, पाऊचच्या कागदाखाली तो पोचत नाही. पाऊच ठेवायला साधं बंद, कोरडं कपाट पुरतं. ग्लास बीडचंही, म्हणजे तापलेल्या काचमण्यांच्या यंत्राचंही असंच, त्यात खुपसलेल्या फाइलचं (रूट कॅनालच्या बारीक हत्याराचं) टोक तापतं आणि दांडा तसाच राहतो. एका पेशंटच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडात जाताना ते पुरेसं नाही.

आणि औषधात बुडवण्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. ‘एअरोटर आणि स्केलर टिप ग्लुटराल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं ठेवले तर?’ असं तुम्ही शेवटी विचारलंय (स्केलर टिप म्हणजे दात साफ करायच्या यंत्राचं टोक). काही वर्षांपूर्वी मी एका खासगी रुग्णालयात मदतीला गेले होते. दुर्बिणीने पित्ताशय काढलेल्या पेशंटच्या पोटावरच्या छोट्या जखमा छान भरल्या, टाके निघाले, पेशंट घरी गेले. पाच-सहा आठवड्यांनी एकेक जण परत यायला लागला. जखमेच्या जागी गाठ, मग पू, औषधं देऊनही न थांबणारा. तपासणीत क्षयरोगाच्या जंतूंच्या कुळातले, पाण्यात राहणारे मायकोबॅक्टेरिया निघाले. हत्यारं 2 टक्के ग्लुटराल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं बुडवून नळाच्या पाण्याने धुतली जात होती. 20 मिनिटांत बहुतेक जंतू मरतात, बीजाणू मरत नाहीत. निर्जंतुक करायला त्याच द्रावणाला दहा तास लागतात, आणि त्यानंतर धुण्याचं पाणी निर्जंतुक नसेल तर सगळं मुसळ केरात. त्यातल्या एका बाईंना सहा महिने गोळ्या घ्याव्या लागल्या, दोनदा जखम उघडावी लागली. त्या शेतमजुरी करायच्या. त्या सहा महिन्यांचा रोजगार कुणी भरून दिला नाही. जे हत्यार वाफेत टिकतं ते वाफेतच घाला. आजचे बहुतेक एअरोटर 134 अंशांना टिकतात, तशी खूण त्यांच्यावर कोरलेली असते.

वाफेत घालण्याआधी मात्र ते स्वच्छ हवं. वाळलेल्या रक्तावर वाफ गेली तर ते भाजून घट्ट बसतं आणि खालचे जंतू झाकले जातात. वापरल्याबरोबर ओलसर ठेवा, अल्ट्रासोनिकमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी धुणाऱ्या भांड्यात, घाला (एअरोटर नको, फक्त फाइल, बर म्हणजे ड्रिलची टोकं, फोर्सेप), ब्रशने सांधे घासा, धुवा, कोरडं करा. 1 लाख 30 हजारांचं मशीन घेऊन ब्रश आणि अल्ट्रासोनिकला पैसे उरले नाहीत, असं होऊ देऊ नका.

दाराची सुरक्षितता बघताना मला आमच्या विभागातले मामा, म्हणजे शिपाई, आठवतात. जुन्या कुकर-ऑटोक्लेव्हच्या झाकणाला फुलपाखरी नट असतात, ते समोरासमोरचे जोडीने आवळायचे आणि सैल करायचे. काटा शून्यावर दिसत होता म्हणून मामांनी झाकण उघडलं. काटा अडकलेला होता. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. म्हणून प्रेशर शिल्लक असताना न उघडणारं कुलूप असलेलंच दार घ्या. सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो का ते बसवणाऱ्याकडून करून दाखवून घ्या, आणि दर वर्षी तपासल्याची नोंद मागा.

सर्व्हिसचं विचारताना ‘सर्व्हिस मिळेल ना’ असं विचारू नका, कारण हो म्हणायला काही लागत नाही. विचारा: इंजिनीअर सांगली-मिरजेत राहतो की पुण्याहून येतो? दाराचं रबर, बॅक्टेरियल फिल्टर, हीटर, पंप यांचा साठा कुठे आहे आणि आजची किंमत काय, लेखी द्या. त्याच मशीनचे तुमच्या जिल्ह्यातले तीन दवाखाने सांगा. त्या तिघांना स्वतः फोन करा आणि एवढंच विचारा की शेवटचं मशीन बंद पडलं तेव्हा किती दिवस बंद होतं. एएमसीत (नुसत्या वार्षिक देखभाल करारात) पार्ट धरलेले नसतात, सीएमसीत (सर्वसमावेशक करारात) असतात, हे सही करण्याआधी वाचा. परदेशी नाव आणि दूरचा इंजिनीअर यांपेक्षा साधं नाव आणि दुसऱ्या दिवशी येणारा माणूस मी निवडेन, अर्थात वरच्या चाचण्या दोघंही पास झाले असतील तर. सेन्सरचं वार्षिक कॅलिब्रेशन एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्य प्रयोगशाळेचं असावं. जुनं, वापरलेलं मशीन घ्यायचा विचार असेल तर लीक टेस्ट आणि कॅलिब्रेशनच्या मागच्या नोंदी मागा. नसतील तर सोडून द्या.

प्रिंटर किंवा पेनड्राइव्हवर प्रत्येक सायकलची नोंद निघायला हवी. पाऊचवरची रंग बदलणारी खूण फक्त एवढंच सांगते की हा पाऊच तापला. आतलं काम झालं का ते सांगायला भरणीच्या मधोमध पाचव्या प्रकारचा इंडिकेटर ठेवा, आणि आठवड्यातून एकदा जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलसची (उष्णतेला चिवट बीजाणूंची) कुपी. एक कुपी मशीनमधून काढलेली, एक न घातलेली, दोन्ही 55 ते 60 अंशांच्या छोट्या इनक्युबेटरमध्ये. न घातलेली पिवळी झाली पाहिजे, नाहीतर कुपीच मेलेली होती आणि चाचणीला अर्थ नाही. घातलेली जांभळी राहिली पाहिजे. इम्प्लांट सुरू कराल तेव्हा इम्प्लांट असलेल्या प्रत्येक भरणीत कुपी ठेवा, आणि तिचा निकाल येईपर्यंत ते सामान वापरू नका.

मशीन बसवल्याच्या दिवशी उद्घाटन ठेवू नका. पहिला दिवस लीक टेस्ट, हेलिक्स, वीज बंद करून बघण्यात आणि तुमच्या मदतनीस मुलीला सगळं स्वतःच्या हाताने करायला लावण्यात घालवा. तिला वही द्या, तारीख, सायकल नंबर, पट्टीचा रंग, सही. संध्याकाळी भरलेल्या सायकलीत कुपी ठेवा. साध्या कुपीला 24 ते 48 तास लागतात, तेवढे पेशंट पुढच्या तारखांना लावा. तिसऱ्या दिवशी सकाळी दोन कुप्या शेजारी ठेवून बघा. एक पिवळी, एक जांभळी असली की पहिला पेशंट खुर्चीत घ्या.